‘डिस्क्लोज’ करावे, ‘डायव्हल्ज’ करू नये

१९९७ साली केंद्र सरकारने उत्पन्नाच्या ऐच्छिक प्रकटीकरणाची एक योजना आणली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘व्हीडीआयएस’ या नावाने पेढ्यापेढ्यांवर आणि कर-सल्लागारांच्या कार्यालयांत सर्वतोमुखी झाली. १ जुलै ते ३१ डिसेंबर या सहा महिन्यांत पूर्वी न दाखविलेले उत्पन्न जाहीर करावे, व्यक्तींनी त्यावर ३० टक्के, तर कंपन्या व भागीदारी संस्थांनी ३५ टक्के कर भरावा, असे तिचे स्वरूप होते. ३३ हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न या योजनेखाली उघड झाले. नावातील ‘डी’ हे अक्षर ‘डिस्क्लोजर’ या शब्दाचे. तोवर हिशेबतपासनिसांच्या अहवालात वावरणारा हा शब्द त्या वर्षी व्यापारी घरांच्या बैठकीत येऊन बसला.

या योजनेतील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नागरिकाने आपले उत्पन्न सरकारपुढे उघड करावे, असे आवाहन कायदा करीत होता. आणि अशी उघड केलेली माहिती गोपनीय राखली जाईल, अशी हमीही तोच कायदा देत होता. नागरिकाने जे करावयाचे त्याला इंग्रजीत ‘डिस्क्लोज’ म्हणतात. सरकारने जे करावयाचे नाही त्याला ‘डायव्हल्ज’ म्हणतात. मराठीत दोहोंचे भाषांतर ‘उघड करणे’ असे सर्रास केले जाते. परंतु एक कृती कर्तव्याची आहे आणि दुसरी विश्वासभंगाची. ज्या घरात, संस्थेत वा समाजात हा भेद विसरला जातो, तेथे माणसे हळूहळू खरे सांगणेच सोडून देतात. म्हणून या दोन क्रियापदांचा अर्थ आणि वापर नीट समजून घेणे हे केवळ भाषेच्या अभ्यासाचे काम राहत नाही.

शब्दांची घडण

‘डिस्क्लोज’ हा शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचच्या मार्गाने इंग्रजीत आला. त्यातील ‘क्लोज’ म्हणजे बंद करणे आणि ‘डिस्’ हा उलट अर्थ दाखविणारा उपसर्ग. जे बंद होते ते उघडणे, हा त्याचा मूळ अर्थ. कपाट आपले, किल्ली आपली आणि उघडणारा हातही आपला, असे चित्र या शब्दामागे आहे. म्हणून स्वतःच्या अधिकारातील माहिती योग्य व्यक्तीपुढे ठेवणे, हा त्याचा आजचा प्रमुख अर्थ झाला.

‘डायव्हल्ज’च्या पोटात ‘वुल्गुस’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ सामान्य जनसमुदाय. थोडक्यांत असलेली गोष्ट गर्दीत नेऊन पसरविणे, हा ‘डायव्हल्ज’चा मूळ भाव. मराठीत याला अगदी जुळणारा वाक्प्रचार आहे : चव्हाट्यावर आणणे. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. तेथे पोहोचलेली गोष्ट कोणत्या वाटेने कोठे जाईल, हे कोणाच्याच हाती राहत नाही. या शब्दाचा उच्चार ‘डायव्हल्ज’ आणि ‘डिव्हल्ज’ असा दोन्ही प्रकारे होतो आणि दोन्ही ग्राह्य आहेत.

‘रिव्हील’मध्ये ‘वेलुम’ म्हणजे पडदा किंवा बुरखा आहे. पडदा दूर सारून दर्शन घडविणे, हा त्याचा अर्थ. ‘डिस्कव्हर’चा आजचा अर्थ शोध लावणे असला, तरी मुळात तो आच्छादन काढणे असा होता. न्यायालयीन भाषेत तो अजून टिकून आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ‘डिस्कव्हरी’ म्हणजे प्रतिपक्षाजवळील कागदपत्रे व माहिती त्याच्याकडून उघड करवून घेण्याची रीत.

एका दृष्टीने पाहिले तर बंद दार, आच्छादन आणि पडदा ही तीन शब्दचित्रे वस्तूकडे पाहतात. ‘डायव्हल्ज’ मात्र ऐकणाऱ्यांच्या गर्दीकडे पाहतो. तेथे काय सांगितले यापेक्षा कोणाकोणाच्या कानी गेले, हे महत्त्वाचे ठरते.

वापरातील बारकावे

या क्रियापदांचा वापर करताना काही नियम ध्यानात ठेवणे उपयुक्त आहे. ‘डिस्क्लोज’ला सरळ कर्म लागते. आजार ‘डिस्क्लोज’ केला जातो, आजारा‘विषयी’ नव्हे. आपल्याकडील अनेक अर्जांत व पत्रांत ‘डिस्क्लोज’पुढे ‘अबाउट’ जोडलेले आढळते. ते अनावश्यक आहे. ज्याला सांगावयाचे त्याच्या आधी ‘टू’ हे शब्दयोगी येते : बँकेला, विमा कंपनीला, न्यायालयाला. ‘डायव्हल्ज’चीही रचना अशीच आहे, मात्र तो शब्द बहुधा नकारासह येतो. अमुक अधिकाऱ्याने नाव सांगण्यास नकार दिला, तमुक संस्थेने तपशील बाहेर जाऊ दिला नाही, अशा वाक्यांत तो शोभतो.

निर्जीव कर्ता असेल तर ‘रिव्हील’ स्वाभाविक वाटतो. क्ष-किरण चित्रात हाडाची चीर दिसली किंवा हिशेबतपासणीत तूट आढळली, तर तेथे ‘रिव्हील’ योग्य. क्ष-किरण चित्र काहीही ‘डायव्हल्ज’ करू शकत नाही, कारण त्याने कोणाला गुप्ततेचे वचन दिलेले नसते. ज्याच्यावर कोणी विश्वास टाकला आहे, तोच ‘डायव्हल्ज’ करू शकतो. या एका कसोटीवर बहुतेक वाक्ये पारखता येतात.

मराठीत या अर्थछटांसाठी शब्दांची वाण नाही. ‘प्रकट करणे’, ‘जाहीर करणे’, ‘निवेदन करणे’ हे ‘डिस्क्लोज’च्या जवळचे. वर्तमानपत्रांत जमिनीच्या मालकीहक्कासंबंधी वकिलांच्या सूचना ‘जाहीर प्रकटन’ या मथळ्याखाली येतात, तोही याच कुळातला प्रयोग. ‘गुपित फोडणे’, ‘बोभाटा करणे’, ‘वाच्यता करणे’ हे ‘डायव्हल्ज’चे सगेसोयरे. एखादी गोष्ट ‘षट्कर्णी झाली’ असे म्हणताना आपण कानांची संख्याच मोजतो. दोघांचे चार कान सुरक्षित. तिसऱ्याचे दोन मिळाले की गुपित संपले. पूर्वीची वडीलधारी माणसे एखादी गोष्ट सांगून झाल्यावर ‘याची कुठे वाच्यता नको’ असे आवर्जून बजावीत. त्या एका वाक्यात ‘डिस्क्लोज’ आणि ‘डायव्हल्ज’ यांमधील संपूर्ण सीमारेषा आलेली आहे.

‘खुलासा’ या शब्दाविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. कार्यालयात कर्मचाऱ्याकडून खुलासा मागविला जातो, तो याच अर्थाने. हिंदीत तो ‘रहस्योद्घाटन’ या अर्थाने वापरला जातो आणि वृत्तवाहिन्यांच्या प्रभावाने तो अर्थ मराठीतही शिरू लागला आहे. त्यामुळे कोणी स्पष्टीकरण दिले की गुपित फोडले, हेच वाचकाला कळेनासे होते.

बँकेच्या कायद्यातील एक क्रियापद

१९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर आलेल्या १९७० च्या कायद्याचे १३ वे कलम निष्ठा आणि गुप्तता यांसंबंधी आहे. ग्राहकांच्या व्यवहारांविषयीची माहिती बँकेने बाहेर जाऊ देऊ नये, असे ते कलम सांगते आणि तेथे नेमके ‘डायव्हल्ज’ हेच क्रियापद योजलेले आहे. कायद्याने किंवा बँकव्यवसायाच्या रूढ प्रघाताने आवश्यक वा योग्य ठरेल तेवढाच अपवाद. बँकेत रुजू होणाऱ्या प्रत्येकाला निष्ठा व गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे लागते, ते याच कलमान्वये. काउंटरवरील कारकुनाला शेजाऱ्याच्या खात्यातील शिल्लक ठाऊक असते. संध्याकाळी त्याच शेजाऱ्याबरोबर कट्ट्यावर बसताना त्याला ती ठाऊक नसल्यासारखे वागावे लागते. बँकव्यवसायाचा पाया तिजोरीच्या जाड दारावर जितका आहे, तितकाच या मौनावर आहे.

या तत्त्वाचा प्रसिद्ध निवाडा इंग्लंडमधील आहे. १९२४ च्या विधी-अहवालात आलेला ‘टूर्नियर विरुद्ध नॅशनल प्रोव्हिन्शिअल बँक’ हा खटला बँकिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासावा लागतो. टूर्नियर या ग्राहकाच्या खात्यावर सुमारे ९ पौंडांची उचल झालेली होती. दर आठवड्याला एक पौंड भरण्याचे त्याने कबूल केले. पण पुढे हप्ते थांबले. शाखा-व्यवस्थापकाने त्याचा पत्ता विचारण्यासाठी तो जेथे नोकरीला होता तेथे दूरध्वनी केला. बोलण्याच्या ओघात त्याच्याकडील बाकी आणि शर्यतीवर पैजा स्वीकारणाऱ्यांशी असलेला त्याचा व्यवहार, या दोन्ही गोष्टी मालकांच्या कानी गेल्या. त्याची नोकरी पुढे चालू ठेवली गेली नाही.

अपील न्यायालयाने गुप्तता हे बँकेचे करारजन्य कर्तव्य असल्याचे मानले आणि चार अपवाद सांगितले : कायद्याची सक्ती, सार्वजनिक हिताचे कर्तव्य, बँकेच्या स्वतःच्या हिताचे रक्षण आणि ग्राहकाची स्पष्ट वा गर्भित संमती. जगभरातील अनेक देशांत आजही याच चार कसोट्यांनी हा प्रश्न सोडविला जातो. व्यवस्थापकाने सांगितलेली माहिती खोटी नव्हती, हे येथे विशेष लक्षात घ्यावे. ती खरीच होती. पण ती ऐकण्याचा अधिकार मालकांना नव्हता.

मौन केव्हा फसवणूक ठरते?

याचा अर्थ गप्प राहणे सदैव श्रेयस्कर, असा मात्र नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या १७ व्या कलमात कपटाची व्याख्या आहे. केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. परंतु जेथे बोलणे हे कर्तव्य असते तेथे मौन कपट ठरते, असे ते कलम सांगते. त्याखालील उदाहरणे मोठी बोलकी आहेत. एक मनुष्य लिलावात आपला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो त्याविषयी काही बोलत नाही. हे कपट नव्हे. मात्र घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर खोट सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. घोडा तोच, खोट तीच आणि मौनही तेच. नाते बदलले आणि कर्तव्य उत्पन्न झाले. नाते जितके जवळचे आणि विश्वासाचे, तितका प्रकटनाचा भार अधिक, हे सूत्र दीडशे वर्षांपूर्वीच्या या कायद्याने एका घोड्याच्या उदाहरणातून सांगून ठेवले आहे.

इतर कायद्यांतही हेच सूत्र दिसते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमानुसार मालमत्तेत किंवा मालकीहक्कात असलेला महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक असेल आणि साधारण काळजी घेऊनही खरेदीदाराला तो कळण्याजोगा नसेल, तर तो सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. करार अधिनियमाच्या १४३ व्या कलमानुसार महत्त्वाच्या परिस्थितीविषयी मौन पाळून धनकोने जामीन मिळविला असेल, तर तो जामीनच अवैध ठरतो. मैत्रीखातर वा भाऊबंदकीखातर जामीन राहणाऱ्यांनी हे कलम अवश्य माहीत करून घ्यावे.

विम्याचा तर सारा व्यवहारच परम विश्वासाच्या तत्त्वावर उभा आहे. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ‘कार्टर विरुद्ध बोहम’ या खटल्यात त्याची मांडणी केली. धोक्याची जाण विमा घेणाऱ्याला अधिक असते. म्हणून ती त्याने उघड केली पाहिजे. प्रस्तावपत्रात मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची शस्त्रक्रिया यांविषयी प्रश्न असतात. ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणून तेथे ‘नाही’ लिहिले जाते आणि त्याची किंमत पुढे विधवेला किंवा मुलांना मोजावी लागते. १९३८ च्या विमा अधिनियमाच्या ४५ व्या कलमात २०१५ साली दुरुस्ती झाल्यापासून तीन वर्षे पूर्ण झालेल्या आयुर्विमा पत्रकावर कंपनीला आक्षेप घेता येत नाही. आरोग्य विम्यात २०२४ पासून अशी मर्यादा साठ महिन्यांची आहे आणि तेथे सिद्ध झालेल्या लबाडीला अपवाद आहे. परंतु दुर्दैव मुदत मोजून येत नाही. प्रस्तावपत्रातील एका खऱ्या उत्तरामुळे हप्ता थोडा वाढेल. एका खोट्या उत्तरामुळे संपूर्ण दावा बुडू शकतो.

भांडवल बाजारात तर ‘डिस्क्लोज’ व ‘डायव्हल्ज’ यांचा भेद एकाच आकड्यावर दाखविता येतो. कंपनीचा तिमाही नफा अपेक्षेहून अधिक झाला. संचालक मंडळाने तो मंजूर करून शेअर बाजाराला कळविला आणि सर्व भागधारकांना एकाच वेळी समजला, तर ते ‘डिस्क्लोजर’. सूचिबद्ध कंपन्यांसाठी ‘सेबी’ने २०१५ साली केलेल्या नियमावलीच्या नावातच हा शब्द आहे. तोच आकडा आदल्या रात्री एखाद्या संचालकाने मेहुण्याला सांगितला, तर ती अप्रकाशित माहितीची वाच्यता झाली आणि त्यासाठी शिक्षा आहे. आकडा दोन्ही वेळा खराच असतो. वेळ, वाट आणि ऐकणारा बदलला की कृतीचे नाव बदलते.

परिचयपत्र आणि कुजबुज

या सर्व विवेचनाची खरी कसोटी न्यायालयापेक्षा घराच्या उंबरठ्यावर लागते आणि तीही मुलामुलींच्या विवाहाच्या वेळी. वधूवर परिचयपत्रात शिक्षण, उत्पन्न, उंची, गोत्र, मामाकुळ हे सर्व असते. नियमित चालू असलेले औषध, पूर्वी मोडलेला साखरपुडा, नोकरी सुटलेली असणे, घरावरील कर्ज या गोष्टी त्यात नसतात. त्या सर्वच छापाव्यात, असे कोणी म्हणणार नाही. परंतु बोलणी पुढे सरकल्यावर, निर्णयापूर्वी त्या समोरच्या कुटुंबाला सांगितल्या गेल्या पाहिजेत. १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम जैन समाजालाही लागू आहे. त्याच्या १२ व्या कलमानुसार महत्त्वाच्या वस्तुस्थितीविषयी कपट करून संमती मिळविलेली असेल, तर विवाह रद्द ठरविण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र कपट उघडकीस आल्यापासून एक वर्षाच्या आत. न्यायालयाची पायरी चढावी न लागली, तरी ‘आम्हाला आधी का सांगितले नाही’ हा प्रश्न संसारात आयुष्यभर रुतून बसतो.

मग माणसे का सांगत नाहीत? ती सर्वच लबाड असतात असे नाही. पुष्कळदा त्यांना भीती असते ती नकाराची नव्हे, तर नकारानंतरच्या कुजबुजीची. समजा, एखाद्या मातापित्यांनी मन घट्ट करून समोरच्यांना विश्वासात घेतले आणि सांगितले, की मुलीला लहानपणी अपस्माराचे झटके येत असत. आता औषध चालू आहे आणि कित्येक वर्षांत त्रास नाही. समोरच्यांनी नम्रपणे नकार दिला. तेथपर्यंत कोणाचेच चुकले नाही. परंतु पुढच्या आठवड्यात एखाद्या पूजेच्या मांडवात, भिशीच्या बैठकीत किंवा सोयरिकीच्या चर्चेत ‘त्या मुलीचे ते तसे आहे हो’ असे एक वाक्य उच्चारले जाते. त्यानंतर त्या घराकडे स्थळेच येईनाशी होतात आणि कारण कोणी सांगत नाही. हे पाहिलेले दुसरे मातापिता आपल्या घरातील अशीच गोष्ट कोणाजवळ सांगतील काय? १९९९ च्या दुरुस्तीने अपस्मार हा विवाहाच्या अटींतील अडसर कायद्यातून काढून टाकला. समाजाच्या कुजबुजीतून तो अद्याप गेलेला नाही.

प्रत्येक वाच्यतेची किंमत अशी दुहेरी असते. एका कुटुंबाची हानी होते ती दिसते. दहा कुटुंबे सावध होऊन खरे लपवू लागतात ते दिसत नाही. ‘अलीकडे कोणी खरे सांगतच नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी, आपणास विश्वासाने सांगितलेले आपण किती ठिकाणी सांगितले, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

सत्यव्रताचे अतिचार

आपल्या परंपरेने हा विचार फार पूर्वी आणि फार सूक्ष्मतेने केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. कूटलेखक्रिया म्हणजे खोटे लेख तयार करणे. न्यासापहार म्हणजे दुसऱ्याने ठेवलेली ठेव दाबणे. ठेवणारा रक्कम विसरून कमी मागू लागला तर तेवढीच देऊन गप्प राहणे हेही त्यात आले. हे दोन्ही असत्याचे प्रकार सहज कळतात. परंतु रहोभ्याख्यान म्हणजे एकांतातील गोष्ट प्रकट करणे आणि साकारमंत्रभेद म्हणजे चेहऱ्यावरून, हावभावांवरून दुसऱ्याचे मनोगत ताडून ते मत्सराने उघड करणे. या दोहोंत सांगितलेली गोष्ट बहुधा खरीच असते. तरीही ती सत्यव्रताला लागलेली मलिनता मानली गेली, हे विशेष. उपासकदशांगात श्रावकाच्या अतिचारांमध्ये स्वदारमंत्रभेदही आहे, म्हणजे पत्नीने विश्वासाने सांगितलेले बाहेर फोडणे. विवाहसंबंध चालू असताना पतिपत्नींमध्ये झालेले बोलणे उघड करण्याची त्यांच्यावर सक्ती करता येत नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याने पुढे मानले. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे.

दुसऱ्या बाजूस आलोचना आहे. स्वतःचा दोष काही न लपविता गुरूंपुढे निवेदन करणे, हे प्रायश्चित्ताचे पहिले अंग. हे ‘डिस्क्लोज’चे अत्यंत शुद्ध रूप म्हणावे लागेल. दोष स्वतःचा, सांगणारा स्वतः आणि ऐकणारा योग्य अधिकारी. या अधिकाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत, हे शिवार्यांच्या भगवती आराधनेत सांगितले आहे. त्यांतील एक गुण ‘अपरिस्रावी’ असा आहे. अपरिस्रावी म्हणजे ज्यातून काही झिरपत नाही असा. साधकाने सांगितलेला दोष ज्यांच्याकडून दुसऱ्याच्या कानी जात नाही, त्यांच्यापुढेच आलोचना करावी. सांगणाऱ्याला सरलतेचा उपदेश करताना ऐकणाऱ्याला अपरिस्रावी होण्याची अट घालणे, यात मानवी स्वभावाचे खोल ज्ञान आहे.

घरातील हिशेब

वाच्यता नको म्हणून घरातही काही न सांगणारे कुटुंबप्रमुख आपल्याकडे पुष्कळ आढळतात. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण बाजारात ठीक आहे. पत्नीपुढे आणि सज्ञान मुलांपुढे ती लागू पडत नाही. करार अधिनियमातील घोड्याचे उदाहरण येथे पुन्हा आठवावे. मुदतठेवी कोणत्या बँकेत आहेत, लॉकरची किल्ली कोठे आहे, विम्याची पत्रके किती, कोणासाठी जामीन राहिलो आहोत, कोणाला तोंडी बोलीवर रक्कम दिली आहे आणि कोणाची देणे आहे, हे घरातील किमान एका विश्वासू व्यक्तीला ठाऊक असणे आवश्यक आहे. दहा वर्षे हक्क न सांगितलेल्या ठेवींची रक्कम बँकांना रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग करावी लागते. अशा ठेवी शोधता याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. असा निधी आणि असे संकेतस्थळ यांची गरज पडावी, यामागे न सांगितल्या गेलेल्या किती गोष्टी असतील, याची कल्पना करता येते. निधीत गेलेली रक्कम वारसांना मिळू शकते. परंतु ती आहे हे त्यांना आधी कळावे लागते.

याउलट ओटीपी, एटीएमचा पिन आणि संकेतशब्द या गोष्टी बँकेचा अधिकारी म्हणविणाऱ्यासही सांगावयाच्या नसतात. येथे ऐकण्याचा अधिकार असलेली दुसरी व्यक्तीच अस्तित्वात नाही.

व्यवहारासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. ही माहिती कोणाची आहे? ती ऐकण्याचा अधिकार कोणाला आहे? ती आज न सांगितल्यास कोणाचे नुकसान होईल? माहिती आपली, ऐकणारा अधिकारी आणि न सांगण्याने त्याचे नुकसान होणार असेल, तर संकोच बाजूला ठेवून ती सांगावी. माहिती दुसऱ्याची असेल आणि त्याने ती विश्वासाने आपल्याजवळ ठेवली असेल, तर ती बँकेतील ठेवीप्रमाणे मानावी. तिच्यावर आपला ताबा असतो, मालकी नसते. कायद्याची सक्ती किंवा कोणावर ओढवणारे संकट असे अपवाद सोडले, तर ती मालकाच्या संमतीशिवाय काढता येत नाही.

विवाहाच्या बोलणीत एखाद्या कुटुंबाने आपल्यापुढे मन मोकळे केले, तर सोयरीक होवो अथवा न होवो, ती गोष्ट त्या खोलीतच राहिली पाहिजे. प्रत्येक घराने एवढा एक नियम पाळला, तरी सांगणाऱ्यांचे धैर्य आपोआप वाढेल आणि लपवालपवीची गरज बरीचशी उरणार नाही.